फवारे आणि गवत: यलोस्टोनची सहल

यलोस्टोनला निघालेलं कुटुंब सहलीचे सहसा दोन भाग करतं. एक दिवस उकळत्या पाण्याच्या फवाऱ्यांचा, एक दिवस प्राण्यांचा. अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले, की या उद्यानाचं नाव निघतंच. मग सॉल्ट लेक सिटीहून किंवा बोझमनहून भाड्याची गाडी घेऊन तीन पिढ्या एकत्र निघतात. दोन भागांची वाटणी आखणीला सोयीची आहे, पण तिच्यामुळे यलोस्टोनमधली सगळ्यात विलक्षण गोष्ट नजरेतून सुटते. पाणी कुठे उसळेल हे ज्या उष्णतेनं ठरवलं, तिनंच झाडं कुठे वाढतील, गवत कुठे उगवेल आणि म्हणून प्राणी कुठे दिसतील, हेही बऱ्याच अंशी ठरवलं आहे. एवढं आधी ठाऊक असलं, की दोन ठिकाणांमधला तासाभराचा गाडीचा प्रवासही पाहण्याजोगा होतो.

१ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि यलोस्टोन जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, थोडा माँटाना आणि आयडाहोत. आधीच्याच वर्षी फर्डिनांड हेडन यांची सर्वेक्षण तुकडी इथे आली होती. तिच्याबरोबर चित्रकार थॉमस मोरन आणि छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन होते. ज्या प्रदेशाच्या वर्णनांना लोक थापा समजत होते, त्याची चित्रं आणि छायाचित्रं वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या हातात पडली आणि कायद्याचा मार्ग बराच सोपा झाला.

तरी 'शोध' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. माणसं या भागात किमान ११,००० वर्षांपासून वावरत आहेत. मॅमथहून नॉरिसकडे जाताना रस्त्यालगत ऑब्सिडियन क्लिफ नावाचा काळ्या ज्वालामुखी काचेचा कडा लागतो. या काचेची धारदार पाती आणि टोकं शेकडो मैल दूर, पार ओहायोपर्यंत पोचली होती. शोशोनी लोकांपैकी तुकुडिका हे डोंगरी मेंढ्यांची शिकार करत इथेच राहत. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच त्यांना राखीव वस्त्यांमध्ये हलवण्यात आलं, आणि मूळ रहिवासी फवाऱ्यांना घाबरून इकडे फिरकत नसत असा खोटा समज पर्यटकांमध्ये पसरवला गेला. मुलांना या कड्यापाशी दोन मिनिटं थांबवून हे सांगायला हवं. रम्य ठिकाणाचा इतिहास नेहमी रम्य असतोच असं नाही.

आता जमिनीखाली जाऊ. पृथ्वीच्या पोटातून खूप खोलवरून वर येणाऱ्या उष्णतेच्या काही जागा आहेत. त्यांना भूशास्त्रज्ञ तप्तबिंदू म्हणतात. यलोस्टोन अशा एका तप्तबिंदूवर आहे. वरचं उत्तर अमेरिकेचं भूपट्ट नैर्ऋत्येकडे सरकत राहिलं, खालची उष्णता जागीच राहिली आणि तिच्या जुन्या उद्रेकांच्या खुणा आयडाहोच्या स्नेक नदीच्या सपाटीत रांगेनं उमटल्या. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. रायगड, हरिश्चंद्रगड ज्या खडकावर उभे आहेत, तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्या लाव्हामागेही असाच एक तप्तबिंदू होता असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. भारत त्याच्यावरून उत्तरेकडे निघून आला. तो बिंदू आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे.

फरक खडकाच्या जातीत आहे. आपल्याकडचा बेसॉल्टचा लाव्हा पातळ होता, थरावर थर पसरत गेला. यलोस्टोनमधला मुख्यतः रायोलाइट. त्यात सिलिका भरपूर, त्यामुळे तो घट्ट, वायू कोंडून धरणारा आणि म्हणून स्फोटक. २१ लाख, १३ लाख आणि सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी इथे तीन महाउद्रेक झाले. शेवटच्या उद्रेकात खालची पोकळी रिकामी झाली, छत खचलं आणि सुमारे ७० किलोमीटर लांब, ४५ किलोमीटर रुंद असं ज्वालामुखीचं कुंड तयार झालं. ते इतकं मोठं आहे, की त्यात उभं राहून ते दिसत नाही. ओल्ड फेथफुलचा फवारा, यलोस्टोन सरोवराचा बराचसा भाग आणि लांबच लांब पाइनचं जंगल हे सगळं या कुंडातच सामावलं आहे.

'पुन्हा फुटेल का?' हा प्रश्न गाडीत कुणी ना कुणी विचारणारच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार कुठल्याही एका वर्षात महाउद्रेकाची शक्यता सुमारे ७ लाख ३० हजारांत एक इतकी कमी आहे. खाली जे आहे त्यातला बहुतांश भाग वितळलेला नसून घन खडकच आहे. इथे शेवटचा लाव्हा वाहिला त्याला सुमारे ७०,००० वर्षं झाली. ही आकडेमोड आजी-आजोबांना जरूर सांगावी. चित्रफितींमधून पसरलेली धास्ती त्यांच्याच मनात जास्त असते.

फवारा उडायला तीन गोष्टी लागतात: उष्णता, पाणी आणि खडकातली विशिष्ट घडणीची नळी. यलोस्टोनमध्ये तिन्ही एकाच कारणातून आल्या आहेत. खालच्या उष्णतेनं हा सगळा प्रदेश उचलून धरला आहे. पठाराची उंची सरासरी २,४०० मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही बरीच जास्त. या उंचीमुळे हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतं. ते वितळलेलं पाणी भेगांमधून खोल मुरतं आणि तिथे तापतं. नॉरिस भागात संशोधकांनी छिद्र पाडून मोजलं, तेव्हा ३२६ मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सियस तापमान मिळालं. एवढं तापूनही ते पाणीच राहतं, कारण वरच्या पाण्याचा दाब त्याची वाफ होऊ देत नाही.

हे अतितप्त पाणी वर येता येता रायोलाइटमधली सिलिका विरघळवून आणतं आणि भेगांच्या भिंतींना तिचा टणक थर चढवत जातं. नळी घट्ट होते, गळत नाही, दाब धरून ठेवते. कुठेतरी ती अरुंद झालेली असते. तिथे वाफेचे बुडबुडे अडतात आणि मग वरचं थोडं पाणी तोंडातून बाहेर सांडतं. सुटका होते ती या सांडण्यामुळे. वरचं वजन कमी झालं की खालचा दाब उतरतो, आणि जे पाणी केवळ दाबामुळे पाणी होतं, ते एकदम वाफ होतं. वाफेला पाण्याच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून ती नळीतलं सगळं पाणी ढकलत आकाशात उडवते. नळी रिकामी झाली की पुन्हा भरायला सुरुवात होते.

वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत कोकणात गरम पाण्याची कुंडं आहेत, मग तिथे फवारे का नाहीत, हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात यायलाच हवा. कोकणातलं पाणी मोठ्या भेगांमधून खोल जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या अंतर्गत उष्णतेनं तापतं आणि परत येतं. त्याच्याखाली ज्वालामुखीची भट्टी नाही. दाब धरणारी सिलिकाची नळी तयार करील इतकं ते तापत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र येणं फार दुर्मीळ असतं. यलोस्टोनमध्ये १०,००० हून अधिक गरम झरे, वाफेची विवरं, चिखलाची कुंडं आणि फवारे आहेत. त्यात सक्रिय फवारे ५०० च्या वर, म्हणजे जगातले निम्मे. उरलेले मुख्यतः रशियातलं कामचात्का, आइसलँड, न्यूझीलंड आणि चिली या मोजक्या ठिकाणी.

ओल्ड फेथफुल हा त्यातला सगळ्यात उंचही नाही आणि सगळ्यात नियमितही नाही. तो लोकप्रिय झाला तो उंच आणि बराचसा नियमित असल्यामुळे. पाणी ३० ते ५५ मीटर उंच जातं, फवारा दीड ते पाच मिनिटं चालतो आणि सध्या साधारण दीड तासानं पुन्हा येतो. पुढची वेळ पर्यटक केंद्रात लावलेली असते आणि बहुतेक वेळा दहा मिनिटं इकडेतिकडे ती खरी ठरते. या अंदाजामागचं गणित मुलांनाही करता येतं. घड्याळ लावून फवारा किती वेळ चालला ते मोजावं. अडीच मिनिटांच्या आत संपला, तर नळीत पाणी शिल्लक आहे, पुढचा फवारा तासाभरात येईल. जास्त चालला, तर नळी पुरती रिकामी झाली आहे, दीड तास थांबावं लागेल. मधल्या वेळात लाकडी फळ्यांच्या वाटेनं अप्पर गायझर बेसिनमध्ये फिरावं. ही वाट बरीचशी सपाट आहे आणि फवाऱ्याच्या आसपास चाकाची खुर्चीही सहज जाते.

ओल्ड फेथफुलची शाश्वती मात्र गृहीत धरता येत नाही. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री उद्यानाच्या वायव्य सीमेजवळ हेबगेन सरोवरापाशी मोठा भूकंप झाला, तेव्हा शेकडो झऱ्यांचं वागणं बदललं. त्यानंतरच्या दशकांत ओल्ड फेथफुलच्या दोन फवाऱ्यांमधलं अंतरही वाढत गेलं. त्याहून जुनी गोष्ट लाकडानं सांगितली. फवाऱ्याच्या ढिगाऱ्यावर सिलिकात जतन झालेली खोडं सापडली आणि तपासणीत ती तेराव्या-चौदाव्या शतकातली निघाली. उकळतं पाणी दर दीड तासानं पडत असेल तिथे झाड वाढत नाही. म्हणजे त्या काळात तो अनेक दशकं बंद होता, आणि तो काळ दीर्घ दुष्काळाचा होता. बर्फ कमी झालं, तर फवारा थांबू शकतो.

नॉरिसमधला स्टीमबोट हा जगातला सगळ्यात उंच सक्रिय फवारा. त्याचं पाणी ९० मीटरच्याही वर जातं, पण वेळापत्रक नाही. १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षं त्याचा एकही मोठा उद्रेक झाला नाही. २०१८ मध्ये तो जागा झाला आणि २०१९ साली वर्षभरात ४८ वेळा उडाला. का, ते नक्की सांगता आलेलं नाही.

ग्रँड प्रिझमॅटिक हा झरा पाहायला त्याच्याजवळ जाऊ नये, त्याच्या वर जावं. जवळून फक्त वाफ दिसते. दक्षिणेला फेअरी फॉल्सच्या वाटेवरून सुमारे एक किलोमीटर चाललं, की टेकडीवरून सगळं वर्तुळ दिसतं: शंभर मीटरहून रुंद, मधोमध गडद निळं, कडेला हिरवं, पिवळं, नारिंगी, तांबूस. निळा रंग स्वच्छ, खोल, फार गरम पाण्याचा. तिथे रंगीत जीवाणू जगत नाहीत. पाणी कडेकडे वाहत निवत जातं, तसतसे वेगवेगळ्या तापमानाला जगणारे सूक्ष्मजीव आपापली पट्टी धरून राहतात. म्हणजे ही कडी मुलांना तापमानाच्या नकाशासारखी वाचता येतात.

या सूक्ष्मजीवांचं आपल्यावर मोठं ऋण आहे. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक हे जीवशास्त्रज्ञ इथल्या झऱ्यांचा अभ्यास करत होते. इतक्या गरम पाण्यात काय जगतं, या निव्वळ कुतूहलापोटी. १९६६ मध्ये मशरूम पूल नावाच्या झऱ्यातून त्यांना आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ याला एक जीवाणू मिळाला. १९६९ मध्ये त्याचं 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' असं नामकरण झालं. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर पद्धत शोधली. त्यात मिश्रण पुन्हा पुन्हा ९० अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि नेहमीची विकरं तिथे निकामी होतात. यलोस्टोनच्या जीवाणूचं विकर टिकलं. मुलिस यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. करोनाच्या काळात आपल्यापैकी बहुतेकांनी नाकातून स्वॅब देऊन करून घेतलेली आरटी-पीसीआर चाचणी याच पद्धतीवर उभी होती. झरे सुरक्षित ठेवले होते, म्हणून तो जीवाणू शोधायला जागा उरली होती.

त्या सुरक्षेची गरज कळायला मॉर्निंग ग्लोरी हा झरा पाहावा. एकेकाळी तो निळाशार होता. पर्यटकांनी त्यात नाणी, दगड, कचरा टाकला, पाण्याची वाट अडली, तापमान उतरलं आणि कडेचे पिवळे-नारिंगी जीवाणू आत सरकले. आपल्याकडे नदीत किंवा कुंडात नाणं टाकणं श्रद्धेचं असतं. इथे मुलांना आधीच बजावून ठेवावं. धोका फक्त कचऱ्याचा नसतो. न्यूझीलंडमधल्या वाइराकेईला भूऔष्णिक वीज काढायला सुरुवात झाली आणि तिथल्या खोऱ्यातले फवारे बंद पडले. खालचं पाणी सगळीकडे जोडलेलं असतं, एका बाजूनं ओढलं की दुसरीकडे दाब उतरतो.

आणि फळ्यांच्या वाटेवरून खाली पाय ठेवायचा नाही. खडकाचं कवच काही ठिकाणी अगदी पातळ असतं आणि त्याच्याखाली उकळतं पाणी. या झऱ्यांमध्ये भाजून आजवर वीसहून अधिक माणसांचा जीव गेला आहे. लहान मुलाचा हात धरूनच चालावं, फोटोसाठीही सोडू नये.

आता गवताकडे. फवाऱ्यांच्या भागातून गाडी निघाली, की दुतर्फा एकाच जातीचं, सरळसोट, काहीसं कंटाळवाणं वाटणारं पाइनचं जंगल सुरू होतं. हा लॉजपोल पाइन. रायोलाइटपासून झालेली माती निकृष्ट, पाणी धरून न ठेवणारी. तिच्यात हा वृक्ष तग धरतो, चांगलं गवत मात्र फारसं येत नाही, म्हणून मोठे प्राणीही कमी. १९८८ च्या वणव्यात उद्यानाच्या एकतृतीयांशाहून अधिक भागाला आगीची झळ बसली. या पाइनची बरीच बोंडं राळेनं बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनं उघडतात. आज दिसणारे एकाच उंचीच्या झाडांचे दाट पट्टे त्या वर्षीच्या राखेतून उगवलेले आहेत.

मग अचानक जंगल संपतं आणि हेडन खोरं उघडतं. इथे एकेकाळी यलोस्टोन सरोवराचं पाणी पसरलेलं होतं. तळाशी बसलेला बारीक गाळ आणि चिकणमाती पाणी लवकर झिरपू देत नाही. झाडांना ती मानवत नाही, गवताला मानवते. म्हणून बायसन इथे. ईशान्येकडचं लामार खोरं सखल आहे, आणि तिथली माती अ‍ॅबसरोका पर्वताच्या सुमारे ५ कोटी वर्षं जुन्या, वेगळ्या ज्वालामुखी खडकातून आलेली, जास्त कसदार. म्हणून बायसन, एल्क हरणं, प्राँगहॉर्न आणि त्यांच्यामागे लांडगे तिथे. प्राणी पाहायचे तर आधी माती पाहावी, असं मी म्हणेन.

हिवाळ्यात हा संबंध आणखी उघड होतो. गरम जमिनीवर बर्फ टिकत नाही, तिथे बायसन आणि एल्क येऊन थांबतात. त्या उबेची किंमतही मोजावी लागते. फायरहोल नदीच्या परिसरातल्या एल्कच्या चाऱ्यात आणि पाण्यात सिलिका आणि फ्लोराइड जास्त. त्यामुळे दात लवकर झिजतात, आणि दात गेले की चरणारं जनावर जगत नाही. फवाऱ्याची नळी घडवणारी सिलिकाच एल्कचं आयुष्य कमी करते.

बायसनची कथा कुठल्याही फवाऱ्याइतकी मोलाची आहे. उत्तर अमेरिकेत एकेकाळी त्यांची संख्या कोट्यवधींत होती. एकोणिसाव्या शतकात कातड्यांसाठी आणि मूळ रहिवाशांचं अन्न तोडण्यासाठी त्यांची अमर्याद कत्तल झाली. उद्यानाचा कायदा झाला होता, पण शिकाऱ्याला शिक्षा करायची त्यात सोय नव्हती. १८८६ पासून लष्कराच्या घोडदळानं राखण केली. १८९४ मध्ये शिक्षेचा कायदा झाला. तरी १९०२ साली उद्यानात फक्त दोन डझनांच्या आसपास बायसन उरले होते. खासगी कळपांतून २१ आणून लामार खोऱ्यात त्यांची जोपासना झाली. आज संख्या ५,००० च्या आसपास असते.

दाजीपूरचा गवा पाहिलेल्याला त्याच्या भारदस्तपणाचा अंदाज येईल, पण गवा माणूस दिसला की झाडीत शिरतो. बायसन रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, संथ चालतो, आणि लोकांना तो पाळीव वाटू लागतो. नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि ताशी ५५ किलोमीटर वेगानं धावू शकतो. यलोस्टोनमध्ये सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात ती अस्वलांमुळे नव्हे, बायसनमुळे. किमान २३ मीटर अंतर ठेवायचं, अस्वल आणि लांडगा असेल तर ९१ मीटर. शेपटी उभी राहिली तर लगेच मागे सरायचं.

लांडग्यांना उद्यानानंच संपवलं होतं. एल्कसारखे 'चांगले' प्राणी वाचवायचे म्हणून वनरक्षकच त्यांना मारत, आणि १९२६ पर्यंत ते नाहीसे झाले. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. आज साधारण शंभर आहेत. लांडगे आले, एल्क घटले, वाळुंज पुन्हा वाढलं आणि नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले, अशी गोष्ट फार लोकप्रिय आहे. ती जशीच्या तशी मुलांना सांगू नये. एल्क घटण्यात अस्वलं, प्यूमा, शिकारी आणि दुष्काळ यांचाही वाटा आहे. बीव्हर गेल्यामुळे जिथे ओढे खोल खचले, तिथे वाळुंज अजूनही पूर्ववत झालेलं नाही. काढून टाकलेला एक प्राणी सत्तर वर्षांनी परत ठेवला, म्हणून सगळं पूर्वीसारखं होत नाही. अस्वलांनाही इथे एकेकाळी रस्त्यावर बिस्किटं चारत आणि उकिरड्यावर त्यांचं जेवण पाहायला लोक जमवत. १९७० पर्यंत उकिरडे बंद झाले. १९७५ मध्ये ग्रिझली अस्वलांना कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा ती या परिसरात दीडशेहून कमी होती. आता हजाराच्या आसपास आहेत.

हे सगळं पाहायला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता आहे. एका दिवसात तो पुरा होतो, पण तसा करू नये. तीन मुक्काम तरी हवेत. जमलं तर एक ओल्ड फेथफुलजवळ आणि एक उत्तरेला मॅमथ किंवा गार्डिनरला, म्हणजे पहाटे लामारला पोचता येतं. उद्यानातल्या खोल्या वर्षभर आधी भरतात. पहिल्या दिवशी उंचीमुळे आजी-आजोबांना दम लागतो, त्यांना चढ नंतर द्यावेत. जूनमध्येही बर्फ पडू शकतं, स्वेटर हाताशी असावा. शाकाहारी घरांनी दशम्या, चटणी, मेतकूट बरोबर घ्यावं, पण डबा बाकावर ठेवून दूर जाऊ नये, उरलेलं गाडीत बंद करावं. अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली, की शेवटी मरतं ते अस्वल. पायवाटेवर अस्वल पळवायचा स्प्रे कमरेला हवा, पिशवीच्या तळाशी नको. फोनला बहुतेक ठिकाणी सिग्नल नसतो, नकाशा आधी उतरवून घ्यावा. ज्युनियर रेंजरची पुस्तिका मुलांना पहिल्याच दिवशी घेऊन द्यावी. ती भरताना मुलं मोठ्यांपेक्षा जास्त पाहतात.

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी प्रचंड. शाळेची अडचण नसेल तर सप्टेंबर चांगला: एल्कच्या माजाचा काळ, थंड सकाळ, गाड्या कमी. मेच्या शेवटी बायसनची तांबूस वासरं दिसतात. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक रस्ते गाड्यांना बंद असतात. उत्तरेचा गार्डिनरचा रस्ता मात्र लामारमार्गे कुक सिटीपर्यंत बारा महिने खुला राहतो, आणि लांडगे पाहण्यासाठी जाणकार लोक तो हिवाळ्यातच धरतात.